आधी दिवस, मग महिना

मी, गुरुनाथ केशव ताम्हणे, वय वर्षे एकोणऐंशी, जन्म सात मार्च एकोणीसशे सेहेचाळीस, मिरज येथे. धंदा पूर्वी कारखान्यात मापतपासनीस, आता निवृत्त. राहणार वेस्ट विंडसर, न्यू जर्सी. हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळच्या चहानंतर लिहून ठेवत आहे. जन्मतारीख अक्षरी लिहिली आहे ती मुद्दाम. आकड्यांत लिहिण्याचा मला आता धीर होत नाही. कारण कलम आठमध्ये येईल, तोवर वाचणाऱ्याने दम धरावा.

माझी प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे. छातीत पेसमेकर आहे, तो माझ्यापेक्षा वक्तशीर आहे. वकिलांनी सांगितले की मृत्युपत्र मराठीत लिहिले तरी चालते, मात्र सोबत इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. ते जोडले आहे. दोन्हींत फरक आढळल्यास मराठी खरे मानावे, कारण मी विचार मराठीत करतो आणि चुका दोन्ही भाषांत.

कलम १. यापूर्वी ऑक्टोबर २०१७ मध्ये केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करत आहे. त्यात मी माझी मुलगी विनीता हिच्या नावे एक डॉलर ठेवला होता. मुलीला आपण विसरलेलो नाही, आठवणीने वगळले आहे, हे कोर्टाला कळावे म्हणून लोक असा डॉलर ठेवतात, असे तेव्हाच्या वकिलांनी सांगितले होते. माझी पत्नी कांचन शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, “डॉलर तरी कशाला? पाठवायला तिकीटच जास्त लागेल.” त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी सही केली होती ती केलीच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आमच्या घरात माझ्यासाठी राखीव होती.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा मुलगा अमेय याने करावी. आमची दोन्ही मुले इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनला जन्मली. अमेय नोकरीसाठी अमेरिकेत आला, नागरिक झाला, आणि त्याने २००४ साली आम्हा दोघांना इकडे बोलावून घेतले. मुलाजवळ राहावे म्हणून आम्ही वेस्ट विंडसरला घर घेतले, आणि नऊ वर्षांनी मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला बदलून गेला. ही तक्रार नव्हे, नोंद आहे. तो दर रविवारी फोन करतो आणि वर्षातून दोनदा येऊन माझा कॉम्प्युटर दुरुस्त करून जातो, त्यानंतर तो कॉम्प्युटर मला चालवता येत नाही.

कलम ३. माझे दहन करावे. व्हिडिओवरून मंत्र सांगणारे गुरुजी नकोत. कांचनच्या वेळी त्यांचा आवाज मध्येच गेला आणि आम्ही सगळे ‘म्यूट, म्यूट’ म्हणत बसलो होतो. कांचनची रक्षा जिथे सोडली तिथेच माझी सोडावी. जागा अमेयला माहीत आहे. तेराव्याला जेवण करायचेच तर आमटी आंबट-गोड असावी, आणि इथल्या मराठी मंडळातल्या कोणीही उभे राहून माझ्याविषयी बोलू नये.

कलम ४. प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनापासून चालत अकरा मिनिटांवर असलेले माझे राहते घर विकून येणारी रक्कम, तसेच बँकेतली ठेव, अमेय आणि विनीता यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. विनीताच्या हिश्शाला कोणतीही अट नाही. मूळ मसुद्यात मी एक अट घातली होती: तिने माझ्या हयातीत मला एक फोन करावा. हा मसुदा जूनमध्ये लिहिला होता. ती ओळ आता खोडली आहे. खोडल्याच्या जागी मी आणि साक्षीदारांनी सही केली आहे.

कलम ५. घरातल्या वस्तूंपैकी कांचनचा बाळे तोलायचा काटा माझी नात, विनीताची मुलगी रुही, हिला द्यावा. कांचन वुल्व्हरहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात तीस वर्षे सुईण होती. घरोघरी जाऊन ती नव्या बाळांची वजने घेई आणि जन्माच्या वेळा नि तारखा टिपून ठेवी. तिच्या वह्यांत खाडाखोड नाही. रुहीचे पहिले वजनही याच काट्यावर झाले. कांचन त्यासाठी मुद्दाम अमेरिकेतून काटा घेऊन गेली होती, आणि विमानतळावर कस्टमवाल्यांनी तो उलटसुलट करून पाहिला होता. बाकी भांडी, गालिचे आणि गणपतीचे मखर ज्याला हवी त्याने न्यावीत. माझी फोर्ड गाडी कोणालाच नको असेल हे मला माहीत आहे.

कलम ६. घडीच्या बारा खुर्च्या मराठी मंडळाला द्याव्यात. त्यांपैकी अकरा सध्या मंडळाकडेच आहेत. त्या जून २०१६ मध्ये परिसंवादासाठी नेल्या होत्या, आणल्या नाहीत. सचिव अंकुर दर वर्षी म्हणतो, “काका, नेक्स्ट वीक ड्रॉप करतो.” नऊ वर्षे झाली. आता बारावीही न्यावी, म्हणजे हिशोब मिटला.

त्या परिसंवादाविषयी इथे लिहिणे भाग आहे. विषय होता, ‘इंग्लंडने युरोपीय संघातून बाहेर पडावे का?’ जूनच्या तेवीस तारखेला तिकडे मतदान व्हायचे होते. आमच्या मंडळात इंग्लंडात राहून आलेली सात घरे आहेत. इंग्लंड सोडून पंधरा वर्षे झालेली नसली तर परदेशातूनही मत देता येत असे, आणि अशी मते असलेली माणसे आम्ही पाचच होतो. पण शाळेच्या कॅफेटेरियात मिसळ खाऊन साठ माणसे बसली, आणि ज्यांना मत नव्हते त्यांनीच सर्वांत जास्त मते मांडली. राहावे या बाजूने अहिल्या वैशंपायन बोलणार होत्या. त्या लेस्टरला दातांच्या डॉक्टर होत्या. त्यामुळे समोरच्याने तोंड उघडले की दोष दिसण्याची त्यांना सवय. बाहेर पडावे या बाजूने मी.

मी तयारी केली होती, कागदावर मुद्दे होते. बोलताना कागद बाजूला राहिला. मी म्हणालो, “आम्ही रांगेत उभे राहून म्हातारे झालो, आणि युरोपातून आलेला कोणीही सोम्यागोम्या रांग मोडून आत शिरला.” टाळ्या पडल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण टाळ्यांच्या आवाजात ते कोणाला कळत नाही, बोलणाऱ्याला तर नाहीच.

अहिल्याबाईंनी तीन मुद्दे मांडले. पहिले दोन व्यापाराचे होते आणि मला आजही पटलेले नाहीत. तिसरा मात्र त्या माझ्याकडे बघून बोलल्या: “गुरुनाथराव, तुमच्या आईला येऊ दिलं नाही, ते मला माहीत आहे. पण त्या कागदावर सही लंडनमध्ये झाली होती. लिस्बनमध्ये नाही.” मी बाजूला राहिलेला कागद शोधू लागलो. वेळ संपली असे सांगून अंकुरने घंटी वाजवली. तो तिसरा मुद्दा बरोबर होता, हे मी इथे मान्य करतो. अहिल्याबाई या मृत्युपत्राच्या साक्षीदार असल्याने त्यांना काही ठेवू नये असा वकिलांचा सल्ला आहे, पण कबुली ही मालमत्ता नव्हे, तेव्हा ती त्यांनी ठेवून घ्यावी.

त्या भाषणाचा व्हिडिओ अंकुरने त्याच रात्री इंटरनेटवर चढवला. तो काढून टाकू नये. मी जे बोललो ते बोललो. फक्त त्याच्या खाली या मृत्युपत्राचे कलम दहा लावावे, एवढी अंकुरला विनंती आहे, आणि ही विनंती पुढच्या आठवड्यावर टाकू नये.

कलम ७. मी असे का बोललो, हे मुलांना तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. एकत्र लिहून ठेवतो. वडील गेल्यावर माझी आई मिरजेला एकटी राहत होती. १९८९ पासून मी तिला वुल्व्हरहॅम्प्टनला कायमचे आणण्यासाठी अर्ज केले. पहिला नाकारला, कारण तिचा एक भाऊ सांगलीत होता, म्हणजे ती एकटी नाही असे ठरले. तो भाऊ वारल्यावर दुसरा अर्ज केला. त्यात तिच्या जन्माचा दाखला मागितला. आमच्या आईच्या पिढीत जन्माला दाखला नसे, त्या साली कोणता पूर आला आणि कोणाची म्हैस व्याली यावरून वय सांगत. तिसऱ्या अर्जाचा निकाल यायच्या आत, १९९४ च्या जानेवारीत, ती गेली. निकाल मार्चमध्ये आला. तोही नकारच होता, म्हणून कोणाला काही फरक पडला नाही.

त्याच सुमारास आमच्या कारखान्यात युरोपातून आलेले लोक दिसू लागले. कोणी विमानाने उतरे, दुसऱ्या दिवशी कामावर हजर. त्यांच्या आयाही पाहुण्या येत आणि सहा महिने राहून जात. मला त्यांचा राग नव्हता, असे मी तेव्हा म्हणे. होता. तो राग मी बावीस वर्षे जपला आणि नंतर त्याला मत असे नाव दिले.

आणि रांगेचे म्हणाल तर, २००४ साली अमेरिकेत येताना मी कोणत्या रांगेत उभा होतो? मुलगा नागरिक होता, आईबापांना रांग नसते. आठ महिन्यांत आम्ही आलो. हा प्रश्न माझा नाही. विनीताने तो अमेयमार्फत मला विचारला होता. मी अमेयला सांगितले होते की त्याचा इथे संबंध नाही. संबंध आहे.

कलम ८. विनीताचा नवरा पोर्तुगालचा आहे. तो २००३ साली वुल्व्हरहॅम्प्टनला आला, एका छोट्या टूलरूममध्ये लेथवर काम करू लागला, आणि २००७ मध्ये त्यांचे लग्न झाले. आम्ही लग्नाला गेलो तेव्हा त्याने मला स्वतः लेथवर काढलेला पितळी भोवरा दिला. इतर सासऱ्यांनी जावयाला मिठी मारली असती. मी खिशातून मायक्रोमीटर काढला आणि भोवऱ्याची जाडी तीन ठिकाणी मोजली. तिन्ही मापे केसाच्याही फरकाशिवाय एक आली. मी म्हणालो, “बरा आहे.” पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तोंडून याहून मोठे प्रमाणपत्र निघालेले नाही, पण हे त्याला सांगायला कोणी नव्हते. त्याच्याशी माझे बोलणे कमीच झाले. मी त्याला नावाने हाक मारली नाही, ‘जावई’ म्हणत राहिलो, आणि तो ते स्वतःचे दुसरे नाव समजून ‘ओ’ देत राहिला.

परिसंवादाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, विनीताचा फोन आला. कांचनने फोनचा स्पीकर लावला, म्हणून तिनेही ऐकले. विनीता म्हणाली, “बाबा, व्हिडिओ बघितला. ही इज सिटिंग राइट हियर. विचारतोय, तुझे बाबा काय म्हणाले, लोक का टाळ्या वाजवतायत. मी काय सांगू त्याला?”

मी म्हणालो, “जे म्हणालो ते सांग.”

तिने फोन ठेवला. त्या दिवसापासून आजपर्यंत ती माझ्याशी बोललेली नाही. आईला फोन करी, मी उचलला तर ‘आईला द्या’ एवढे म्हणे. मतदानानंतर त्यांच्या रस्त्यात जावयाला कोणीतरी ‘आपल्या देशात, घरी जा’ म्हणून ओरडून सांगितले, रुही सोबत होती. २०१८ मध्ये ती तिघे पोर्तुगालमध्ये पोर्तुला निघून गेली. २०२१ च्या फेब्रुवारीत कांचन वारली, तेव्हा करोनामुळे विनीताला येता आले नाही. स्क्रीनवर ती अमेयला म्हणाली, “दादा, आईचे हात दाखव.” अमेयने दाखवले. मी बाजूलाच उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिले की नाही हे स्क्रीनवर कळत नाही.

आता मताची गोष्ट. फोनच्या दोनच दिवसांनी आमच्या दोघांच्या मतपत्रिका पोस्टाने आल्या. जेवण झाल्यावर आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. घरात या विषयावर बोलायचे नाही असे ठरले होते. कांचन राहावे असे मत देणार हे मला ठाऊक होते आणि मी काय देणार हे साऱ्या मंडळाला ठाऊक होते. मतपत्रिकेसोबत एक निवेदन भरून द्यायचे होते: सही आणि जन्मतारीख. ती त्यांच्या नोंदीशी जुळली तरच मत धरतात. चौकटींच्या वर बारीक अक्षरात दिवस, महिना, वर्ष असा क्रम छापलेला होता. मी चष्मा लावला नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत आल्यावर मला तारीख लिहिता येईना. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे मी इंग्लंडच्या सवयीने दिवस आधी लिही आणि कागद परत येत. कांचन प्रत्येक वेळी कोपराने ढोसून सांगे, “आधी महिना, हो.” बारा वर्षे ढोसून ढोसून तिने माझा हात वळवला. एकूणच माझी चूक तिच्या नजरेतून सुटत नसे. पोळीची घडी, गाडीचे पार्किंग, नातेवाइकांची नावे, सगळे ती जागच्या जागी दुरुस्त करी.

त्या संध्याकाळी मी निवेदनावर आधी महिना लिहिला, मग दिवस. तीन जुलै एकोणीसशे सेहेचाळीस या दिवशी जन्मलेला गुरुनाथ ताम्हणे इंग्लंडच्या कोणत्याही यादीत नाही. मग मी पाकीट चिकटवले. कांचन म्हणाली, “कड नीट दाबा, उघडी राहतेय.” मी दाबली. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाकिटे तीच पोस्टात टाकून आली.

निकाल लागला, बाहेर पडायचे ठरले. मी मंडळात पेढे वाटले. अहिल्याबाईंनी फोनवर अभिनंदन केले, मी ते स्वीकारले. कांचननेही एक पेढा खाल्ला. जुलैअखेर तिकडच्या कौन्सिलचे पत्र आले: जन्मतारीख नोंदीशी जुळत नसल्याने तुमची मतपत्रिका मोजणीत घेतली गेली नाही, पुढच्या वेळी काळजी घ्यावी. आयुष्यभर इतरांच्या मापातल्या चुका काढून जगलेल्या माणसाला आलेले ते पत्र मी गॅरेजमध्ये उभ्याने वाचले. मतही गेले आणि मुलगीही गेली. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले.

मी ते पत्र पाकिटासकट हत्यारांच्या प्रमाणपत्रांच्या फाइलीत घालून ठेवले. ती फाइल घरात दुसरे कोणी उघडणार नाही अशी माझी खात्री होती. विनीताला कळवले असते तर कदाचित ती बोलली असती. कळवले नाही, कारण एक तर लाज. दुसरे असे की ते खरे ठरले नसते. माझे मत मोजले गेले नाही, पण मी ते दिले होते, विचारपूर्वक आणि तिचा फोन येऊन गेल्यावर. चुकीच्या तारखेमागे लपून निर्दोष सुटणे मला पटले नाही. ही कारणे मी नऊ वर्षे स्वतःला सांगत आलो. तिसरे कारण म्हणजे मी रुसलो होतो.

कलम ९. हत्यारे. या वर्षीच्या जूनमध्ये हे कलम लिहायला घेतले, तेव्हा हत्यारांची यादी करण्यासाठी मी ती फाइल काढली. कांचन दर दिवाळीला म्हणत असे, “गॅरेजमधल्या फाइली एकदा काढून बघा.” मला वाटे, पसाऱ्याबद्दल बोलते आहे. कौन्सिलच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने तिच्या अक्षरात लिहिलेले होते:

“तारीख तुम्ही उलटी लिहीत होता तेव्हा मी समोरून बघत होते. बोलले नाही. जन्मभर सगळ्या चुका सांगितल्या, ही एक नाही सांगितली. विनूला मी काही कळवलेलं नाही. ते तुमचं काम आहे. कांचन, २ ऑगस्ट २०१६.”

मी गॅरेजमधल्या स्टुलावर बसलो. ती त्यानंतर साडेचार वर्षे होती. रोज समोर बसून जेवली. दर रविवारी मुलीचा फोन घेताना एकदा माझ्याकडे बघे, तिला वाटे आज हा फोन मागेल. मी उठून दुसऱ्या खोलीत जाई. मला रडू आले. कायदेशीर कागदात हे लिहावे की नाही, हे वकिलांना विचारलेले नाही. पुढचे तीन आठवडे मी या मृत्युपत्राला हात लावला नाही.

तिने मला फसवले असे अमेय म्हणाला. मला तसे वाटत नाही. ती बोलली असती तर मी तारीख दुरुस्त केली असती आणि माझे मत मोजले गेले असते. मुलीच्या घरावर बापाच्या हाताचा शिक्का नको, एवढेच तिने पाहिले. तेही मला न अडवता, माझ्याच हाताने होऊ दिले.

तर हत्यारे. व्हर्नियर, डायल गेज आणि मापाच्या पोलादी ठोकळ्यांची पेटी हायस्कूलच्या रोबो बनवणाऱ्या मुलांना द्यावी. ठोकळ्यांना उघड्या बोटांनी हात लावू नये असे त्यांना सांगावे. ती ऐकणार नाहीत, तरी सांगावे. माझा शेफील्डचा मायक्रोमीटर, लाकडी पेटीसह, ज्याने तो भोवरा मोजला तोच, विनीताचे पती श्री. मिगेल फरेरा, राहणार पोर्तु, यांना द्यावा. हे हत्यार मी पस्तीस वर्षांत कोणाला हाताळू दिलेले नाही. भोवरा माझ्या टेबलावर आहे. तोही सोबत जावा, म्हणजे त्यांना खात्री करून घेता येईल.

कलम १०. हे कलम विनीतासाठी आहे. जिवंतपणी जे सांगायचे ते मेल्यावर वकिलाकडून सांगणे हा पळपुटेपणा आहे, आणि तुझ्या आईने ‘ते तुमचं काम’ असे लिहिले तेव्हा काम म्हणजे मृत्युपत्र नव्हे, हे मलाही कळते. म्हणून या कलमाची प्रत आणि तुझ्या आईच्या अक्षरातले ते मूळ पाकीट मी आज सकाळी स्वतः पोस्टात जाऊन पोर्तुला पाठवले आहे. पत्ता अमेयकडून घेतला, दोनदा वाचला, चष्मा लावून. तुझे उत्तर आले किंवा न आले तरी कलम चार बदलणार नाही.

युरोपाबद्दलचे माझे मत फारसे बदललेले नाही. एकाच्या आईला दार उघडे आणि दुसऱ्याच्या आईला बंद, हा नियम मला तेव्हाही अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो. त्यावर तू माझ्याशी भांडावेस अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी तुला फोन करावा लागेल, एवढी लबाडी मला माफ असावी. मत राहू दे. ते वाक्य मात्र मी मागे घेतो.

तू विचारले होतेस, “मी काय सांगू त्याला?” तेव्हा मी म्हणालो, जे म्हणालो ते सांग. आता हे सांग. मिगेलच्या शेजारी बस आणि जसेच्या तसे भाषांतर कर:

मिगेल, तू रांग मोडली नाहीस. तुझ्यासाठी दार उघडे होते, तू आत आलास, आणि चांगले काम केलेस. बंद दाराबाहेर माझी आई उभी होती. ती आत आली नाही याचा राग मला ज्यांच्यावर काढता आला नाही, तो मी तुझ्यावर काढला. भोवरा बरा नव्हता, उत्तम होता.

सदर मृत्युपत्र मी माझ्या घरी, जेवणाच्या त्याच टेबलावर बसून, खालील दोन साक्षीदारांसमोर वाचून, समजून, चष्मा लावून सही केले आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. ओळी वाढवायला जागा राहू नये म्हणून उरलेल्या पानावर आडवी रेघ मारली आहे.

ठिकाण: वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
दिनांक: अठरा ऑक्टोबर दोन हजार पंचवीस, शनिवार, धनत्रयोदशी

(सही) गुरुनाथ केशव ताम्हणे

साक्षीदार १: (सही) अंकुर देवस्थळी, सचिव, मराठी मंडळ. अकरा खुर्च्या आज आणून दिल्या. काका म्हणाले, त्या परत घेऊन जा.

साक्षीदार २: (सही) अहिल्या वैशंपायन. तारीख मी मोठ्याने वाचली, बरोबर आहे. सही झाल्यावर आम्ही चहा घेत होतो तेव्हा टेबलावरचा फोन वाजला. नंबर पोर्तुगालचा होता. पत्र अजून इथल्या पोस्टातच असणार. अमेयने पत्ता देताना बहिणीला सांगितले असावे. गुरुनाथराव फोनकडे बघत बसले, तेव्हा कांचनच्या जागी मीच त्यांना कोपराने ढोसले. त्यांनी फोन उचलला.